चाळीस बटवे

"फाटलं लुगडं गं, त्याचं दुपटं शिवावं,
मऊ सुताखाली माझं तान्हं निजवावं..."

यवतच्या मळ्यात बाभळीखाली बसून आई टाके घालता घालता गुणगुणायची. मधेच सुई दातांत धरून म्हणायची, "रतने, चिंधी बी टाकू नगंस गं. हात फिरला की कापड पुन्हा उठून बसतंय." त्या आवाजाला चाळीस वर्षं झाली. आज शिरूरला, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरताना रतनबाईच्या ओठांवर तीच ओळ घोळत होती.

हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. रतनबाई विधवा. "मी आपली आतच बरी," असं ती स्वतःच म्हणाली होती आणि ऋतिकानं, तिच्या एकुलत्या एक लेकीनं, "बस की जरा" म्हटलं नव्हतं.

पण वाण तिच्या हातचं होतं. चाळीस बटवे. दौंडच्या रेल्वे क्वार्टरात तीन आठवडे बसून तिनं ते शिवले होते. शेजारणींच्या विरलेल्या साड्यांचे काठ वेगळे काढले, परकराच्या नाड्या पिळून दोऱ्या केल्या, तुटक्या माळांचे मणी टोकांना ओवले. अडलं ते अस्तराशी. मऊ सुती कापड हवं, आणि तसं घरात एकच होतं, पेटीतले पोपटरावांचे सात सदरे.

पोपटराव रेल्वेत गेटमन होते. पुढच्या महिन्यात त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. गेलेल्याचे कपडे दहाव्याच्या आत देऊन टाकायचे असतात. तिनं सगळे दिले, सदरे तेवढे गोधडीच्या घडीत लपवले. आता तेच कापले. खिसे उसवले नाहीत, तसेच बटव्याच्या आत घेतले, सुटे पैसे ठेवायला. सवाष्णींच्या हाती आपण मेल्या माणसाचं कापड देतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला वाटलं, गडी आयुष्यभर फाटकापाशी उभा राहिला, आता जरा चार घरं हिंडेल.

क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. दोन दिवसांसाठी म्हणून येताना तिनं बॅगेत सात साड्या भरल्या होत्या.

"अगंबाई, आत खिसाबी हाय की!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"न्हाईतर आमच्या जाऊबाई! मागल्या साली गाळणी वाटली. पहिल्याच चहाला तळ सुटला तिचा."

हशा उसळला. "ऋतिका, कुठून आणलंस गं?"

"ऑर्डर देऊन करून घेतले," ऋतिका म्हणाली.

रतनबाई आत खुदकन हसली. ऋतिका वाट्या न्यायला आली तसा तिनं तिचा हात धरला. "ऋते, समदं उरकलं की तुझ्याशी एक बोलायचंय."

ऋतिकानं आईकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या फुगलेल्या बॅगेकडं. "बरं," म्हणाली आणि ताट घेऊन गेली.

थोड्या वेळानं बाहेरचा गलका बसला. बानूबाई, ऋतिकाच्या सासूबाई, बटवा उलटा करून आत आल्या.

"विहीणबाई, हे अस्तर कशाचं?"

रतनबाईनं पदर सावरला. "ह्यांचे... सदरे हुते. मऊ हुते म्हणून..."

"मेल्या माणसाचं कापड? सवाष्णींना? आन् ते बी संक्रांतीला?"

"दोनदा धुतलं हुतं वो मी."

"धुतलं! तुमचं कपाळ पुसलं ते पुसलं, आता आमच्या पोरींचं बी पुसायचं हाय का?"

बायका एकेक करून बटवे परत ठेवू लागल्या. एकीनं चिमटीत धरून आणला. दुसरीनं बेसिनवर साबण लावून हात धुतले. खालच्या दुकानातून घाईनं प्लास्टिकचे डबे आले. चाळीसच्या चाळीस बटवे तांदळाच्या रिकाम्या पोत्यात गेले.

"तुमीच न्या खाली," बानूबाई म्हणाल्या. "आमचा हात नगं त्याला."

लिफ्टमध्ये दोन बायका होत्या. पोतं पाहून त्यांनी दार लावून घेतलं. रतनबाई जिन्यानं उतरली. पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यात पोतं मावेना, म्हणून तिनं ते हातांनी दाबलं.

ऋतिका मागोमाग आली. तिच्या हातात आईची बॅग होती.

"साडेपाचची दौंड गाडी मिळंल," ती म्हणाली.

स्टँडपर्यंत रतनबाईच बोलत राहिली. "माझ्यापायी तुला बोलणी बसली गं. खिशाला शाईचा डाग हुता, त्यावरनं कुणीतरी वळखलं आसंल. माझंच चुकलं. तू नगं मनाला लावून घिऊ. सासू म्हातारी हाय, इसरंल चार दिसांत."

गाडी लागली. ऋतिकानं बॅग वर चढवून दिली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून गजाला हात लावून उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली.

"आई, कुणी वळखलं नव्हतं."

"मंग?"

"मीच सांगितलं सासूबाईंना." तिनं गजावरचा हात काढून घेतला. "तू इथंच राहते म्हणणार होतीस. तुझ्या तोंडावर मला न्हाई म्हणता आलं नसतं."