साळूबाईचा तांब्या आणि इटलीचा बोनजोर्नो

मी तांब्या बोलतोय, मेढ्याजवळच्या एका वाडीतला. आधीच सांगतो, मी स्वभावानं संशयी आहे. दारात येणारा जो तो 'राम राम' म्हणतो, पण मला तोंडाला लावलं की त्याचे डोळे घरभर हिंडून येतात. म्हणून गोड शब्दांवर माझा विश्वास नाही.

साताऱ्यात तांबटाच्या हातोडीखाली मी घडलो आणि साळूबाईच्या लग्नात या घरी आलो. आमच्याकडे बायको नवऱ्याला राम राम म्हणत नाही. तो बाहेरून आला की मला भरून त्याच्यापुढं ठेवते, तेवढंच.

सेहेचाळीस साली तिचा नवरा कृष्णात चार वर्षांनी लढाईवरून परतला. ओट्यावर माणसं जमली.

"मिसरात, म्हंजी इजिप्तात, छातीवर हात ठिवून सलाम करत्यात," तो सांगू लागला. "पठाण वाटंत भेटला की म्हनतो, थकू नगंस. आन् इटलीत बोनजोर्नो! गालाला गाल लावत्यात गड्या, बाया बी!"

माणसं खो खो हसली. आत भाकरी थापणारा साळूबाईचा हात थांबला. मलाही तिथंच काळंबेरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला भरलंच नाही. तो यायचा, जरा वाट बघायचा आणि रांजणातलं पाणी स्वतःच घ्यायचा. सहा दिवस मी फळीवर कोरडा. मला तिचंच पटत होतं. चार वर्षं वाट पाहून तिनं हेच ऐकायचं का?

सातव्या दिवशी ती वैरणीचा भारा घेऊन आली, तर कृष्णातनं मला भरून तिच्यापुढं ठेवलं. गडीमाणसानं! शेजारची राहीबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

साळूबाई पाण्याला शिवली नाही. "आवं, गालाला गाल लावणारी ती कोण?"

"म्हातारी हुती. दोन म्हैनं तिच्या गोठ्यात ऱ्हायलो आमी."

"म्हातारी म्हंजी किती म्हातारी?"

"तोंडात दात न्हवतं. ल्योक लढाईवर गेल्याला, त्येचा पत्ता न्हाई. रोज सकाळी मला त्येच्याच नावानं हाक मारायची. म्या त्यो न्हवं, आसं मला कवाच सांगता आलं न्हाई."

साळूबाईनं मला उचललं, अर्धं पाणी प्याली आणि उरलेलं त्याच्यापुढं केलं.

आता मी जुना झालोय, बुडातून झिरपतो. संशय काही सुटला नाही. तरी सांगतो, दारी आलेल्याला आधी पाणी द्या, काय ते मग विचारा. साळूबाई अजूनही मला कृष्णातपुढं ठेवते आणि एखाद्या दिवशी हळूच विचारते, "त्या माउलीचा ल्योक आला आसंल का वं घरला?"

तो पाणी पीत राहतो.