गुळाची माती

सेलूजवळच्या एका मळ्यात दर गुरुवारी माणसांच्या अंगातली साखर जाळली जायची. जिंतूरपासून लोक जीप भरभरून येत. तिथला महाराज प्रत्येकाला एक हिरवं पान चावायला देई, मग तोंडात गुळाचा खडा टाकून विचारी, गोड लागला का? गूळ मातीसारखा लागे. "जळाली तुझी साखर. गोळ्या सोड, पोटभर प्रसाद खा." प्रसाद म्हणजे शिरा!

आमच्या शेजारच्या धुरपताबाईचा नवरा वारलेला, दोन्ही पोरं पुण्यात. एकटीपुरती भाकरी कोण थापणार, म्हणून ती चहात बेकरीचं बटर बुडवून दिवस काढायची. महाराजाचं ऐकून तिनं मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. पायाच्या अंगठ्याला काटा लागला, ती जखम महिना झाला तरी भरेना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. बायको गेल्यापासून माझ्याही घरात आवाज नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सला, शिवकन्याला, घेऊन मी धुरपताबाईसोबत मळ्यात गेलो. पान चावलं, गूळ खाल्ला. खरंच माती.

"महाराज, मला साखरेचा आजारच नाही. मग माझं काय जळालं?"

"पुढं होणारी जळाली," महाराज म्हणाला. गर्दीनं माना डोलावल्या.

मी सगळ्यांना तासभर बसवून ठेवलं आणि पुन्हा गूळ वाटला. आता तो सगळ्यांना गोड लागला. ते पान गुडमारच्या वेलीचं होतं. त्यानं जिभेला तेवढा वेळ गोड कळत नाही, रक्तातली साखर तिथंच राहते. शिवकन्यानं धुरपताबाईचं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला तीनशे ब्याऐंशी. महाराजाला एकाएकी गंगाखेडचं काम आठवलं.

परतल्यावर धुरपताबाई दाराशी म्हणाली, "गुरुजी, त्यो लबाड निघाला, बरं झालं. पर तिथली वाढणारी बाई इचारायची, मावशी, आजून वाढू का. लय दिसांत कुणी इचारलं नव्हतं मला."

दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं.

उशीर झाला होता, अंगठा गेलाच. दवाखान्याच्या कागदावर नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहून मी सही केली. आता ती गोळ्या घेते. आम्ही दुपारी एकत्र जेवतो: बेताची भाकरी, डाळ, ताटभर पालेभाजी.

लोकहो, साखर रक्तात मोजा, जिभेवर नव्हे. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर जेवलात का, हे महाराजाच्या आधी तुम्ही विचारा.