मानाचा पत्ता

मित्रांनो, कपाटाच्या डोक्यावर धूळ खात, हिरवे डोळे मिचकावत बसलेला तो जुना राउटर म्हणजे मी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझे दोन्ही अँटेना ताठ होते. आता एकच उभा आहे. दुसऱ्याला चिकटपट्टीचा आधार आहे.

या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी पत्ते वाटतो. सकाळी चालू झालेल्या कॉम्प्युटरला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "कोणी पत्ता देतं का?" मी एक रिकामा नंबर पुढे करतो. तो म्हणतो, "हाच घेतो." मी म्हणतो, "घे, पण मुदतीपुरता." मुदत सरत आली की तो वाढवून मागतो; निघून गेला तर नंबर दुसऱ्याला. एका नंबरावर दोघे राहिले की टपाल कोणाच्या दारात पडेल याचा नेम नाही. इतकं साधं काम आहे, म्हणून कोणी कौतुक करत नाही.

लॅबच्या डॉक्टरांना कोणीतरी ही पद्धत समजावली. ती त्यांच्या मनाला लागली. "माझ्याच लॅबमध्ये मी भाडेकरू?" असं म्हणत त्यांनी लॅपटॉपवर स्वहस्ते कायमचा पत्ता घातला. पहिला नंबर माझा, म्हणून त्यांनी मानाचा दोन घेतला. मला विचारलं नाही. तोच दोन नंबर मी रोज प्रिंटरला देत असे; दुसऱ्या सकाळीही दिला.

त्या सकाळी काउंटरशी एक बाप उभा होता. त्याच्या मुलीला शेजारच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी तयार ठेवलं होतं. सहीचा रिपोर्ट पोचल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. काउंटरवरच्या ताई रिपोर्ट छपाईला धाडत होत्या, आणि तो प्रिंटरऐवजी डॉक्टरांच्या लॅपटॉपच्या दारात जाऊन थांबत होता.

"ताई, अजून किती वेळ?" बापानं विचारलं.

ताईंनी वायरी हलवून पाहिल्या आणि शेवटी डॉक्टरांना सांगितलं, की राउटर म्हातारा झालाय. डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला, खुर्चीवर चढले आणि माझ्या टाळूवर एक चापट मारली.

लॅपटॉप मिटताच दोन नंबर मोकळा झाला होता. ताईंनी पुन्हा छपाई दिली. प्रिंटर खाकरला, कागद आला, सही झाली. पाकिटासाठीही न थांबता बाप पळाला.

"याला असंच लागतं," डॉक्टर म्हणाले.

मुलगी सुखरूप घरी गेली. बाप आभार मानायला आला. डॉक्टरांनी ते स्वीकारले. ते आजही दोन नंबरातच राहतात. छपाई अडली की लॅपटॉप मिटतात, खुर्चीवर चढतात, चापट मारतात. उपाय दर वेळी लागू पडतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण पत्ता हवा असेल तर मागून घ्या. मी मालकालाही दिला असता. काउंटरशी कोणीतरी उभं असतं.