‘बरं हाय’ पंथ

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पैजेवर सांगतो. साक्षीला माझी बहीण धुरपताबाई इथं तुरीच्या शेंगा सोलत बसलीच आहे.

सन एकसष्ट. मारेगावाकडच्या आमच्या गावात हिवतापाची साथ. ताप असा, की आजाऱ्याच्या पाठीवर भाकरी टाकली तर टम्म फुगावी! अशात बरेबाबा उगवला. पांढरं धोतर, नवाकोरा पंथ. शाळेपुढच्या चिंचेखाली सारं गाव लोटलं.

“देव चांगला ना?” बाबा गरजला.

“चांगला!”

“मंग तो वाईट कायले बनवील? वाईट नाहीच! तुम्ही नाव घेता म्हनून ते येते. कोनी काही पुसलं, तं एकच म्हना, बरं हाय!”

मग चमत्कार. धुरपताची सात वर्षांची सत्यभामा तापानं कुडकुडत होती. तिला पुढं बसवून बाबानं मनगटाला पिवळी चिंधी बांधली. पहिल्या तांब्यातलं तीर्थ ओतलं. चिंधी रक्तासारखी लाल! बाया किंचाळल्या. दुसऱ्या तांब्यातलं ओतलं. पुन्हा पिवळी!

“कुठं गेलं वाईट? नव्हतंच!”

पोरीचे दात वाजत होते. गाव ओरडलं, “बरं हाय!”

दुसऱ्या दिवशी हिवतापवाला पूनमसिंग सायकलीवर आला. ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, दारावर तारीख लिहायची, हे त्याचं काम. धुरपताच्या दारात त्यानं विचारलं, “पोरगी कशी हाय?”

“बरं हाय.”

आमच्याकडे बरं म्हणजे ठीक, अन् बरं म्हणजे दुखण्यातून उठलेलं. पूनमसिंगनं तारीख लिहिली, सायकल वळवली.

आता माझा पराक्रम ऐका. मी जन्माचा तंबाखूखोर, चुन्याचा वास मला मैलावरून येतो. पहिल्या तांब्यात चुन्याची निवळी, दुसऱ्यात लिंबाचा रस, अन् चिंधी हळदीची! हळदीच्या लुगड्याला साबण लागला की लाल होतं, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? मी सायकलीला आडवा झालो. गाव गोळा केलं. डबीतला चुना पाण्यात कालवून चिंधी लाल केली, लिंबू पिळून पिवळी केली. म्हटलं, “बाबा, रंग गेला, ताप गेला का?” बाबा असा पळाला, की धोतर केळापुरात अन् बाबा आर्णीत! पूनमसिंगनं गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सत्यभामा चिंचेवर चढली.

शेंगांचा आवाज थांबला.

“दादा, खोटं बोलून राह्यला तू,” धुरपता म्हणाली. “डबी काढली होती तू, खरी गोष्ट. चिंचेखालीच काढली. माह्याकडं पाह्यलं. मंग तंबाखू मळला अन् खाल्ला.”

“अवं, साऱ्या गावापुढं मी एकटा...”

“सायकल आली तवा तू ओट्यावरच बसला होता. मी म्हटलं बरं हाय. तूबी म्हटलं बरं हाय.” ती बाकीच्यांकडं वळली. “बाप्पाहो, ताप आला तं ताप म्हना. दुखते तं दुखते म्हना. लपवलं तं दवा देनारा दारावरून निघून जाते.”

मग पुन्हा माझ्याकडं.

“चौथ्या दिवशी पोरगी गेली. चिंचेवर कोन चढलं रे, दादा?”