एका ताटातली भाकर

वडीगोद्रीच्या रस्त्यावर माझं धार लावायचं दुकान आहे. विळे, कोयते, सुऱ्या सगळं येतं, पण मी जीव लावून धार लावतो ती धनगरांच्या लोकर कातरायच्या कातरींना. बिरू धनगराची कातर चाळीस वर्षं माझ्याच हाताखालून जाते. बाजाराच्या दिवशी दुपारी तो दुकानात यायचा, फडक्यातली भाकर सोडायचा, बुक्कीने कांदा फोडायचा. घरून माझ्या बायकोच्या, अनवरीच्या हातची आंबट डाळ यायची. ताट एकच. पहिला घास कोणी घ्यायचा यावरून भांडण ठरलेलं. काय दिवस होते ते! जेवण कमी आणि हसणंच जास्त व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी बिरूने माझ्या ताटात हात घालणं सोडलं. "पोट भरून आलोय," म्हणायचा, कातर घ्यायचा आणि निघायचा. मी तापट माणूस, एरवी चार शिव्या हासडल्या असत्या. पण ही गोष्ट तोंडाने विचारता येत नाही. आजकाल वारं कुठल्या दिशेने वाहतंय, सगळ्यांनाच माहीत आहे. अनवरी म्हणाली, "जमाना बदल गया जी, तुमइच नै बदले." मी तिच्यावर खेकसलो. मलाही तेच वाटत होतं, म्हणून जास्त लागलं.

यंदा दिवाळीनंतर बिरूची बायको जयवंताबाई एकटीच आली आणि दुकानाच्या पायरीवरच बसली.

"महेमूदभाऊ, तुम्हीच सांगा त्यांना. आमचं ऐकून न्हाई राह्यले. सकाळची भाकर सांजच्याला तोंडात येती, जशीच्या तशी. मेंढरांच्या मागं लपून जेवतेत. निस्ती हाडं राह्यली."

"वहिनी, डॉक्टरला दाखवलं का?"

"कशाचा डॉक्टर! मेंढीच्या घशात कापसाचं बोंड अडकलं की मान दाबून वर काढतेत ना, तशी सोताची मान दाबतेत. गुडगुड वाजतं, मंग थुकून देतेत. म्हनतेत, माझा इलाज मला ठावं हाय."

मी दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर तडक वस्तीवर गेलो. बिरूला पाहून माझा सगळा राग उतरला. त्याच्या अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याला संभाजीनगरच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी पांढरं औषध पाजून गळ्याचे फोटो काढले. अन्ननळीच्या तोंडाशी, मागच्या बाजूला, लिंबाएवढी पिशवी तयार झाली होती. "बाबा, घास नळीत उतरायच्या आधी या पिशवीत साठतो. मान दाबली की तोच वर येतो. श्वासनळीत उतरला तर जिवावर बेतेल. दाबणं आजपासून बंद."

"मेंढीला तर गुण येतो," बिरू कुरकुरला.

"मेंढीचं वेगळं. हे कधीपासून आहे?"

बिरूने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. "तीन वर्सं झाले. याच्या दुकानात जेवत व्हतो, अन् घास उलटा आला. तोंडावर हात ठेवला म्हनून, न्हाईतर ताटातच पडला असता. याच्या तोंडचं अन्न बी त्याच ताटात. मंग ठरीवलं, याच्यासंगं जेवायलाच बसायचं न्हाई."

मला स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षं या माणसाला मी मनातल्या मनात काय नाही म्हटलं! बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ.

बाई ऑपरेशन म्हणाल्या, पण बिरू गळ्यावर सुरी चालवू द्यायला तयार नव्हता. बाईंनी समजावलं, बाहेरून कापायचंच नाही. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालायची आणि पिशवी व नळीच्या मधली भिंत कापायची, की अन्न सरळ खाली जातं. धोकाही सांगितला. चुकून भोक पडलं तर छातीत पू होऊ शकतो. मला राहवलं नाही. "बाई, पातं कसलं आहे?"

"पातं नाही चाचा, विजेवर चालणारं बारीक टोक आहे."

आयुष्यभर मी स्वतःच्या धारेवर भरवसा ठेवला. त्या दिवशी दुसऱ्याच्या धारेवर ठेवला आणि जयवंताबाईशेजारी बाकड्यावर बसून राहिलो.

सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी बिरूने पाण्याचा पहिला घोट घेतला आणि तो परत येण्याची वाट पाहत बसला. आला नाही. मग काही दिवस पातळ पेज, नंतर मऊ भात.

परवाच्या बाजाराला तो दुकानात आला आणि त्याने फडकं सोडलं. अनवरीची डाळ आलीच होती. मी भाकर डाळीत चुरली आणि पहिला घास न भांडता त्याला दिला. त्याने सावकाश चावला, गिळला. काही वर आलं नाही. त्याने दुसरा घास उचलला.

माझा घास मात्र खाली उतरेना. डोळे भरून आले होते. बिरूने माझ्याकडे निरखून पाहिलं, हात धोतराला पुसला आणि माझ्या मानेला लावला.

"काय रे महेमूद, अडकला का? दाबू?"