सेंट ऑझ्वल्डचे पुढील कार्यक्रम

चर्च म्हणजे इमारत नव्हे, चर्च म्हणजे माणसं, असं आमच्या बिशपांचं ठाम मत आहे. आमच्या वेदीसमोर उभं राहून त्यांनी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी ऐकायला आम्ही अकराजण होतो. इमारतीत दोनशे माणसं आरामात बसतात.

आमच्या केंडल मिल्स गावातली कागदाची गिरणी बंद पडल्यावर आधी पोरं गाव सोडून गेली, मग पोरांची पोरं सांभाळायला त्यांचे आईबाप गेले. उरलेल्यांनी देवाला सोडलं असं मी म्हणणार नाही. त्यांना रविवारी सकाळी जमेनासं झालं, एवढंच. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो, पन्नाशी ओलांडून काही वर्षं झालीत, आणि सेंट ऑझ्वल्ड चर्चमध्ये माझा उल्लेख ‘आपली तरुण मंडळी’ असा होतो. अनेकवचन आदरार्थी आहे. तरुण म्हणून इमारतीचा वॉर्डनही मीच. म्हणजे इमारत उबदार ठेवणारी तळघरातली भट्टी विझली की खाली जाऊन तिची मनधरणी करायची.

पाद्री आम्हाला उसना मिळतो, तोही एक रविवार आड. पण कार्यक्रमांना खंड नाही. दर रविवारी छापल्या जाणाऱ्या पत्रकाच्या मागच्या पानावर ‘पुढील कार्यक्रम’ असा मथळा असतो आणि ते पान कधी कोरं गेलेलं नाही. ऑक्टोबरात घेवड्याचं जेवण, डिसेंबरात नाताळची जत्रा, जानेवारीत वार्षिक सभा. नाताळच्या जत्रेत आम्ही एकमेकांनी विणलेल्या वस्तू एकमेकांना विकतो; मी देणगी दिलेला मफलर गेल्या वर्षी मलाच घ्यावा लागला, कारण तो टेबलावर एकटा पडलेला बघवेना. आणि उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी पॅनकेकचं जेवण. त्याला अख्खं गाव लोटतं. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार असतो, कपाळावर राख लावून ‘तू माती आहेस’ हे ऐकून घ्यायचा. त्याला आम्ही अकराजण असतो.

या अकरांतल्या वर्ना टटल या वेदीची कापडं सांभाळतात. ऐंशी पार केलीय त्यांनी. दर शनिवारी येऊन पांढरी कापडं इस्त्री करतात, अशी की रविवारी पाद्र्याला त्यावर प्याला ठेवताना संकोच वाटावा. त्यांचे यजमान मर्ल आमच्या उत्तरेकडच्या भिंतीत आहेत. त्या भिंतीत रक्षेच्या पेट्या ठेवायला चौकोनी कोनाडे आहेत, पुढे पितळी पाट्या. मर्लच्या शेजारचा कोनाडा वर्नाबाईंचा. पाटीवर त्यांचं नाव आणि जन्मसाल कोरून झालंय, पुढे एक आडवी रेघ, आणि मग जागा.

“माझं फार मागणं नाही, ऑल्डन,” त्या मला म्हणायच्या. “मी तिथं जाईपर्यंत दार उघडं ठेव. नंतर इथं तुम्ही घेवडा विका नाहीतर घोडे बांधा.”

मी ‘बघतो’ म्हणायचो आणि भट्टीकडे जायचो.

त्या सप्टेंबरात एका रविवारी शेवटच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. चाळिशीच्या आतला. फिलिस हॅन्रॅटी, जिच्या ताब्यात उपासनेनंतरची कॉफी आहे, तिला तो पहिल्यांदा दिसला आणि पहिलं स्तोत्र संपेपर्यंत मागे वळून न बघता आम्हा सगळ्यांना तो दिसला होता. आता आमची एक रीत आहे. पलीकडच्या रस्त्यावरचे बाप्टिस्ट नव्या माणसाचा हात धरतात आणि तुझं तारण झालंय का असं तोंडावर विचारतात. आम्ही एपिस्कोपल पंथाचे. आम्ही कुणाला, तू का आलास, असं विचारत नाही. ते बरं दिसत नाही. आम्ही कॉफी ओततो आणि हवेबद्दल बोलतो.

हा माणूस उपासनाभर छताकडे बघत होता. प्रवचन चालू असतानाही. ऑर्गन वाजवणारे गॉर्डन पीस्ली मला हळूच म्हणाले, की प्रार्थनेत असं वर बघणारी माणसं त्यांच्या आजीबरोबर संपली असं त्यांना वाटत होतं. कॉफीच्या वेळी त्यानं नाव सांगितलं, ब्रेंडन, आणि मला विचारलं, छतावरची दगडी कौलं मूळची आहेत का? मी त्याचा पेला पुन्हा काठोकाठ भरला. छताची चौकशी माझ्याकडे आजवर कुणी केली नव्हती, अगदी प्रार्थनेतही छताचा विषय मीच काढायचो, तिकडून कधी विचारणा आली नाही.

पुढच्या रविवारी तो लवकर आला आणि मधल्या वाटेवरून दारापासून वेदीपर्यंत मोजल्यासारखी पावलं टाकत गेला, तसाच परत आला. वर्नाबाई म्हणाल्या, जुन्या वळणाचा दिसतोय, यात्रेकरू असं चालायचे. मग तो मर्लच्या भिंतीपाशी मान खाली घालून बराच वेळ उभा राहिला आणि फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. ती नावं प्रार्थनेसाठी असणार, यावर आमचं एकमत झालं. वर्नाबाईंनी त्या रविवारी त्याला ॲपल पायचे दोन तुकडे दिले.

तिसऱ्या रविवारी आम्ही त्याला पॅनकेक समितीवर घेतलं. फिलिसनं विचारलं तेव्हा तो जरा गोंधळला, पण ‘हो’ म्हणाला. सभ्यपणा संसर्गजन्य असतो. त्यानंतर तो आला नाही. पण नाव एकदा पत्रकात गेलं की गेलं; ‘पॅनकेक उलटणे: ब्रेंडन’ ही ओळ हिवाळाभर ‘पुढील कार्यक्रम’मध्ये छापून येत राहिली.

“आजारी असेल,” फिलिस म्हणायची.

“आईकडे गेला असेल,” वर्नाबाई म्हणायच्या. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असा एक जरी माणूस असला तरी चर्च आणखी दहा वर्षं ओढता येतं, आणि दहा त्यांना पुष्कळ झाली.

वार्षिक सभेच्या आधीच्या आठवड्यात बिशपांच्या कचेरीतून निरोप आला, की त्यांचे प्रतिनिधी कॅनन व्हिटकोम सभेला येतील आणि चर्च चालू ठेवायचं की नाही यावर मंडळींनी मोकळेपणानं बोलावं. मोकळेपणानं हा शब्द वाचून आमच्यात जरा घबराट झाली. मग एकेकजण माझ्याकडे येऊ लागला. गॉर्डन म्हणाले, ते स्वतः बाकावरून पडेपर्यंत वाजवायला तयार आहेत, पण फिलिसचे गुडघे बघवत नाहीत, आणि बिचाऱ्या वर्नाला आता ती इस्त्री झेपत नाही, ती बोलणार नाही इतकंच. फिलिस म्हणाली, मी मरेपर्यंत कॉफी करीन, पण गॉर्डनची बोटं बघितलीस का, आणि वर्ना तर थकलीच आहे. बाकीचेही थोड्याफार फरकानं हेच म्हणाले. शनिवारी इस्त्री करता करता वर्नाबाई म्हणाल्या, सगळे माझ्यापायी ओढताहेत, ऑल्डन, भिंतीतल्या त्या कोनाड्यापायी. हे काही बरं नाही.

मी सगळ्यांना ‘बघू’ म्हणालो.

सभा तळघरात भरली. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा होता. सगळ्यांनी ट्यूना-शेवयाच आणल्या. कॅनन व्हिटकोम मृदू बोलणारे आहेत. ते म्हणाले, बिशपांना काही लादायचं नाही, मंडळींना आतून जे जाणवेल ते त्यांना मान्य असेल. कुणी ठराव मांडतंय का, असं त्यांनी विचारलं.

वर्नाबाई उठल्या. “मी मांडते,” त्या म्हणाल्या. “चर्च बंद करावं. कुणाला तरी म्हणावंच लागणार, आणि या वयात माझ्यावर कुणी रागावणार नाही.”

गॉर्डन बघतच राहिले. पण बाई उभी आहे आणि तिच्या ठरावाला कुणी अनुमोदन देत नाहीये, हे त्यांच्यासारख्या माणसाला सहन होणारं नव्हतं. त्यांनी अनुमोदन दिलं. हात वर झाले. सगळे. सेंट ऑझ्वल्डमध्ये एकमतानं मंजूर झालेला हा पहिला ठराव; मागे गालिच्याच्या रंगावरून दोन कुटुंबं आम्हाला सोडून मेथडिस्ट पंथात गेली होती. फिलिसनं विचारलं, मग पॅनकेकचं काय? पॅनकेक करायचे ठरलं, कारण पत्रकात छापून झालं होतं.

भांडी धुताना मी ताटं पुसत होतो. फिलिसनं वर्नाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता सुटल्यासारखं वाटत असेल नाही, वर्ना?”

“मला? मला काय धाड भरलीय? मी तुमच्यासाठी मांडलं.”

“आमच्यासाठी? अगं, आम्ही तुझ्यासाठी हात वर केले.”

मग वर्नाबाई म्हणाल्या, “मग बोलायचं नाही का?”

“सभेत? कॅननसमोर? बरं दिसलं असतं का ते?”

वर्नाबाईंनी त्याचा प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” त्या म्हणाल्या. “नसतं दिसलं.”

मी धावत वर गेलो. पण कॅननची गाडी निघून गेली होती, फिलिसनं बांधून दिलेल्या ट्यूना-शेवयांसकट. फोन करूया, असं मी सुचवलं. त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी ठरलं, की एवढ्या बर्फातून गाडी हाकत आलेल्या माणसाला, आमचं मन बदललं, असं लगेच कळवणं शोभणार नाही. टोपी घालताना वर्नाबाई तेवढं म्हणाल्या, “मर्लला मी माझ्या हातानं घराबाहेर काढलं.” पुढे कितीतरी शनिवार त्या हेच म्हणत राहिल्या, इस्त्रीकडे बघत, मला उद्देशून नव्हे.

पॅनकेकच्या जेवणाला अख्खं गाव आलं. ब्रेंडन आला नाही. पॅनकेक मी उलटले. लोकांनी चर्च बंद होणार म्हणून फार हळहळ केली. कितीतरीजण म्हणाले, एखाद्या रविवारी यायचं आमच्या मनात होतंच, आणि थोडा पाक अजून मिळेल का. दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजणांनी राख लावून घेतली.

ईस्टर झाल्यावर बिशप स्वतः आले. शेवटच्या उपासनेत प्रत्येकानं एकेक वस्तू बाहेर न्यायची असते. गॉर्डननी स्तोत्रांचं पुस्तक घेतलं, फिलिसनं मेणबत्त्या. मी स्क्रू काढून मर्लचा कोनाडा उघडला आणि पेटी वर्नाबाईंच्या हातात दिली. त्यांच्या नावाची, रेघेपुढे कोरी असलेली पाटीही काढून दिली. ती त्यांनी पर्समध्ये ठेवली, चष्म्याच्या घराशेजारी. मग दारात उभं राहून बिशपांनी जाहीर केलं, की इथून पुढे ही वास्तू चर्च नाही, नुसती इमारत आहे. त्यांचं मत पहिल्यापासून तेच होतं.

हिरवळीवर कॅनन व्हिटकोम कागदी पेला धरून उभे होते. वर्नाबाई पेटी घेऊन त्यांच्यापाशी गेल्या.

“फादर, एक विचारते. त्या दिवशी मी उभी राहिले नसते तर?”

“मिसेस टटल, स्वतःला त्रास करून घेऊ नका.”

“त्रासाचं मी बघते. तुम्ही उत्तर द्या.”

कॅनननी पेल्यात बघितलं. मग ते म्हणाले, की व्यवहार नोव्हेंबरातच पक्का झाला होता. सामान ठेवायचे गाळे भाड्यानं देणारी एक कंपनी आहे, तिला ही जागा हवी होती. तिचा माणूस शरदात येऊन मोजमाप घेऊन गेला, तीन रविवार. मंडळी फार प्रेमळ आहेत, ॲपल पाय उत्तम होता, असं त्यानं मुद्दाम कळवलं होतं.

“मग सभा कशाला घेतली?” फिलिसनं विचारलं.

“न विचारता बंद करणं,” कॅनन म्हणाले, “बिशपांना सभ्यपणाचं वाटलं नाही.”

यावर आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. कारण त्यांचं बरोबर होतं.

गाळे ऑगस्टात उघडले. छत तेच आहे. वेदीच्या जागी काउंटर आहे आणि तिथं ब्रेंडन बसतो. उत्तरेकडच्या भिंतीला त्यांनी सगळ्यांत लहान कप्पे केलेत, आणि वर्नाबाईंनी त्यातले दोन घेतलेत, शेजारशेजारचे. घरातलं सामान आहे, असं त्यांनी सांगितलं. एवढ्याशा पेटीला दोन कप्पे कशाला, हे ब्रेंडननं विचारलं नाही. आमच्यात तीन रविवार काढले होते त्यानं.

रविवारी बंद असतं.