गडबचा रॉक बँड

पिन निघाली आणि बेंजो वाजतच राहिला.

डोलवीतल्या एका हळदीत, ऐन रंगात आलेल्या गाण्याच्या मध्यावर हे घडलं. नवरदेवाचा मामा डोक्यावर पाण्याची बाटली तोलत, नाचत नाचत थेट वाजवणाऱ्यांत घुसला, त्याचा पाय बेंजोवाल्या रघूच्या वायरीत अडकला आणि बेंजोत खोचलेली पिन खटकन बाहेर आली. रघूच्या पायाशी त्याचा स्वतःचा छोटा स्पीकर असे, तो मुका झाला. रघूनं सवयीनं दोन्ही हात वर केले, म्हणजे थांबा रे, घोटाळा झालाय. पण मांडवाकडे तोंड करून ठेवलेल्या मोठ्या बॉक्समधून बेंजो खणखणीत येत होता. तीच चाल, आणि ओळीच्या शेवटी तोच हेलकावा, ज्याच्यासाठी पेणपासून रोह्यापर्यंत रघूचं नाव होतं.

रघूनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते हवेतच होते.

कुणी थांबलं नाही. मामा नाचत होता, करवल्या नाचत होत्या, जेवायला बसलेली माणसं पानावरून मान डोलवत होती. एका पोरीनं मोबाईल त्याच्यावर रोखला आणि ती ओरडली, “रघूदादा, एक नंबर!” रघू असा दचकला की काय करावं ते त्याला सुचेना. त्यानं हात परत बेंजोवर ठेवले आणि मुक्या बटणांवर बोटं चालवायला सुरुवात केली. साठी उलटलेला माणूस, कधी कुणाच्या झाडाचा आंबा न विचारता तोडला नाही, पण चोरी करताना सापडल्यासारखा घामानं भिजून गेला. शेजारी कीबोर्डवर त्याचा पुतण्या विशाल होता. त्याचा उजवा हात भराभर पळत होता. त्यानं सहज मान वळवली, जमिनीवर पडलेली वायर पाहिली, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. हात मात्र थांबला नाही. थांबला असता तर बेंजोही थांबला असता, हे रघूला त्या क्षणी कळलं.

रघूचं घर गडबला, हायवेपासून आत. बाप मिठागरावर राबला, रघूही मिसरूड फुटेपर्यंत तिथंच होता. मग कुठूनतरी त्याच्या हाती बेंजो लागला. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या, एवढंच ते वाद्य. पण रघूच्या हातात ते असं काही बोलायचं की खाडीकाठच्या गावांत लग्नाची तारीख ठरवण्याआधी रघू मोकळा आहे का ते विचारलं जाई. आयांच्या हळदी त्यानं वाजवल्या, मग त्यांच्या लेकींच्या. आता नातींची पाळी आली होती.

अलीकडे विशालनं पथकाच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत ‘रायगडचा रॉक बँड’ असं छापून घेतलं होतं. “रॉक म्हणजे काय रं?” रघूनं विचारलं होतं. “म्हणजे लोक येडे होतात ते,” विशाल म्हणाला. रघूला ते पटलं. लोक व्हायचेच. विशाल हळदीचे व्हिडिओ मोबाईलवर टाकायचा आणि चहा पिताना खालच्या प्रतिक्रिया काकाला वाचून दाखवायचा. कुणी लिहायचं, आमच्या आयच्या हळदीलापन रघूच व्हता, याला तोड नाय. कुणी कालचं पोर लिहायचं, नुसतं नाव मोठं, म्हाताऱ्यांनी उगाच चढवून ठेवलाय. मग त्या दोघांत जुंपायची. तिसरा कुणी येऊन सांगायचा की मीपण असंच बोलायचो, पण परवा कानानं ऐकला आणि गप बसलो. रघूला ही भांडणं भारी आवडायची. “त्या नावं ठेवणाऱ्याला हळदीला बोलव एकदा,” असं म्हणून तो बशीतला चहा संपवायचा.

डोलवीहून घरी येताना रघू टेम्पोत बेंजो मांडीवर घेऊन बसला. ती सगळी भांडणं नक्की कुणाच्या हातावरून चालली होती, हाच विचार त्याच्या डोक्यात घोळत होता.

सकाळी तो विशालच्या अंगणात जाऊन उभा राहिला. रोह्याच्या हळदीसाठी सामान टेम्पोत चढत होतं. मिक्सर सांभाळणारा प्रविण वायरी गुंडाळत होता.

“कवापासून?” रघूनं विचारलं.

विशालनं हातातला बॉक्स खाली ठेवला. “कोरोनानंतर, काका. तुमचा हात मागं पडायला लागला. ढोल पुढं, तुमी मागं. वडखळच्या त्या हळदीत लोक नाचता नाचता खाली बसले, आठवतं?”

“ते जेवायला बसले व्हते.”

“जेवण तवा तयारच नव्हतं, काका.”

रघूला ती हळद आठवली. लोकांना भूक फार, असा विनोदही त्यानं त्या दिवशी केला होता, आणि सगळे हसले होते. आता ते हसणं आठवून त्याचे कान तापले.

“म्हणून मोठ्या बॉक्समधली माजी लाईन बंद केली.”

“एकदम नाय,” प्रविण पहिल्यांदाच बोलला, तोही वायरीकडे बघत. “पयली थोडी कमी केली. मग अजून थोडी. कोनाला कळलं नाय. मग बंदच केली.”

“आनि माज्या पायाशी तो स्पीकर कशाला?”

“तो तुमच्यासाठी.”

रघू अंगणातल्या दगडावर बसला. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला इतकं लागलं नसतं. या पोरांनी काळजी घेतली होती. रोज न चुकता सामानात तो स्पीकर चढवला होता, त्याची वायर जोडली होती, आवाज ठीक आहे ना काका, असं विचारलंही होतं.

“म्हणजे इतकी वर्सं मी माजा मनाच वाजवून दाखवतोय,” तो म्हणाला.

“चाल तुमचीच हाय, काका,” विशाल त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याचे डोळे भरले होते. “तुमच्या जुन्या कॅसेटी ऐकून ऐकून मी ती कीबोर्डवर बसवली. तो शेवटचा हेलकावा काय जमता जमत नव्हता, रडकुंडीला आलो व्हतो. त्यात माजं काय हाय? लोक रघूचा बेंजो बोलतात, ते खोटं थोडंच हाय?”

रघू उठला. “आज रोह्याला माजी लाईन चालू ठेवायची. तू बेंजो वाजवायचा नाय.”

“काका, आज नको. पुतळीआत्याच्या नातीची हळद हाय.”

“म्हणूनच,” रघू म्हणाला.

घरी सीताबाई मासळी साफ करत बसली होती. रघूनं बायकोला सगळं सांगितलं. सुरी चालवत तिनं ते ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “मना म्हाईत हाय.”

“तुलापन?”

“वाजवून येता तवा खुशीत असता,” ती म्हणाली. “मी कशाला बोलू?”

रघूला हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा जड गेला. तो ओटीवर जाऊन बसला आणि टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत तिथून हलला नाही.

रोह्याची पुतळी ही त्याची चुलत बहीण. त्यानं आयुष्यात पहिली सुपारी वाजवली ती तिच्या हळदीची. पुढे तिच्या लेकीच्या हळदीलाही तोच होता. आता लेकीची लेक किमया लग्नाची झाली, तेव्हा तिनं डीजेचा हट्ट धरला होता. रघू नाय तर हळद नाय, असं पुतळीनं ठणकावलं. दोघींचा अबोला चांगला लांबला, मग किमयानंच मोबाईलवर व्हिडिओ शोधून पाहिले आणि रघूला फोन केला. “आबा, मी नको बोलत व्हती,” ती म्हणाली होती. “मना वाटलं आजीच्या जमान्यातलं कायतरी असंल. पन तुमचं ते ओळीच्या शेवटचं ऐकून काटा आला माज्या अंगावर.” तो फोन आल्यावर रघू दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत होता. आता त्याला एवढंच बघायचं होतं, की त्या पोरीच्या अंगावर काटा आणणारं त्याच्या स्वतःच्या हातात अजून काही उरलंय की नाही.

दिवस मावळतीला आला तसा मांडव भरला. पथकाच्या पोरांच्या अंगात छापील टी-शर्ट होते. रघू आपला पांढऱ्या सदऱ्यात होता. पुतळी गुडघ्यांमुळे खुर्चीत बसून होती. त्याला बघून तिनं तिथूनच हाक मारली, “आयलास का रं? आता बघते कोन नाचत नाय ते!” हळदीनं माखलेली किमया मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. प्रविणनं मिक्सरवरची एक कळ वर सरकवली आणि रघूकडे बघून मान हलवली.

रघूनं पत्ती तारांवर टेकवली आणि पुतळीच्या हळदीत वाजवलेली चाल धरली.

समोरच्या घराच्या भिंतीवर आपटून आवाज परत येत होता, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच रघूला आपला हात दुसऱ्याचा असावा तसा ऐकू आला. त्याला धक्काच बसला. ढोल एका ठिकाणी पडत होता आणि बेंजो त्याच्या मागून, धाप लागलेल्या माणसासारखा, येऊन पोचत होता. तो घाईनं पुढे गेला तर दोन सूर गळले. हेलकाव्याच्या जागी बोट नुसतं घसरलं. नाचणाऱ्यांचे पाय आधी अडखळले, मग मंदावले. वर धरलेले मोबाईल एकेक करून खाली आले. कडेला उभा असलेला एक जण दुसऱ्याला म्हणाला, “हाच का तो रॉक बँड?” विशाल मांडीवर हात ठेवून खाली मान घालून बसला होता.

किमया मात्र थांबली नाही. ती आबांकडे बघत हसत होती आणि त्या लंगड्या तालात आपली पावलं कशीबशी बसवत नाचत होती. उद्या सासरी जाणारी पोर, आणि आपल्याच हळदीत एका म्हाताऱ्याचं मन राखत होती. ते रघूला बघवेना.

तेवढ्यात पुतळी खुर्चीतून उठली. गुडघ्यांवर हात टेकत, माणसांतून वाट काढत ती त्याच्याजवळ आली, वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “हात दुखतो का रं तुजा?”

एवढंच. सगळ्या जगाला फसवता येईल, पण पुतळीला आपला हात वेगळा ओळखू येणार, अशी रघूची खात्री होती. तसा तो तिला ओळखू आलाच होता, पण बिघडलेला म्हणून. रघूनं पत्ती थांबवली.

“व्हय गो,” तो म्हणाला. “दुखतोय.”

त्यानं प्रविणकडे बघून तळवा खाली केला. “माजी बंद कर. विशाल, वाजव.”

“काका, तुमी बसून रहा,” विशाल हळूच म्हणाला. “बोटं फिरवत रहा नुसती. कोनाला कळणार नाय.”

“मना कळतं ना,” रघू म्हणाला. “वाजव. पोरी खोळंबल्यात.”

बेंजो कापडानं झाकून तो उठला, पुतळीला धरून तिच्या खुर्चीपर्यंत सोडून आला आणि गर्दीतून मागे, जिथं मांडव संपत होता तिथं जाऊन उभा राहिला.

मग बेंजो सुरू झाला.

रघू उभ्या जागी थिजला. हळद म्हटली की तो नेहमी बॉक्सच्या पाठीमागे असायचा. मांडवातल्या माणसांना काय ऐकू जातं, ते त्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि ओळीच्या शेवटी सूर असा काही हेलकावून खाली आला की त्याच्या मानेवर काटा उभा राहिला. चांगलं होतं. इतकं चांगलं होतं की आधी त्याला राग आला. मग पुढची ओळ आली आणि राग कुठल्या कुठे गेला. हे आपण कधीकाळी असं वाजवत होतो का? की पोरानं घोटून घोटून ते आपल्यापुढे नेलं होतं? कितीही कान दिला तरी त्याला ठरवता येईना. मांडवात एकही माणूस नुसता उभा नव्हता, सगळे उसळत होते, आणि मधोमध किमया डोळे मिटून नाचत होती. आता तिला कुणाचं मन राखायचं नव्हतं.

नवरदेवाकडून उष्टी हळद घेऊन आलेल्यांपैकी एक तरणा माणूस नुकताच पोचून त्याच्या शेजारी उभा राहिला होता. तो टाळ्या वाजवत होता.

“बाबा, कुठलं तुमी?” त्यानं ओरडून विचारलं.

“पेणकडला.”

“मंग तुमाला म्हाईतच असंल! हा रघूचा बेंजो. आमच्या आजानं डोकं खाल्लं व्हतं याचं नाव घेऊन. मना वाटायचं म्हातारी लोकं कायपन बोलतात. पन आयला, खरं बोलत व्हता म्हातारा! तुमी आयकला व्हता का याआधी?”



“नाय,” रघू म्हणाला. “आजच आयकतोय.”

“मंग असं मागं काय उभं ऱ्हायलाव?” असं म्हणून त्या माणसानं समोरच्या दोघांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि रघूला पुढं जागा करून दिली.